प्रिमाचेन्कोचे प्राणी: भावना की नक्षी?

जास्वंद
युक्रेनच्या चित्रकार मारिया प्रिमाचेन्कोचं (१९०९–१९९७) नाव आपल्याकडे क्वचितच निघायचं. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, रशियाचा हल्ला सुरू होताच, कीव्हच्या उत्तरेकडच्या इव्हान्किवचं संग्रहालय जळालं. तिथली तिची काही चित्रं स्थानिक लोकांनी आगीतून बाहेर काढली. मग तिने चितारलेलं कबुतर देशोदेशींच्या मोर्च्यांत फडकू लागलं. मे २०२२ मध्ये तिचं एक चित्र युक्रेनच्या सैन्याला मदत म्हणून ५ लाख डॉलरला विकलं गेलं. या सगळ्यात ती शांततेचं प्रतीक झाली आणि चित्रकार म्हणून मागे पडली, याचं मला वाईट वाटतं.

लेखांमध्ये तिच्याबद्दल ठरलेली विशेषणं येतात: लोककलाकार, निरागस, गोड. मला ती गोड वाटत नाही. तिचे प्राणी पाहा. कुठल्याही जंगलात न सापडणारे, अंगभर ठिपके, फुलं, पट्टे, आणि डोळे मात्र माणसाचे. पापण्यांसकट! तीसच्या दशकात ती असे प्राणी पांढऱ्या कागदावर काढायची. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत जलरंग मागे पडून गॉश, म्हणजे दाट, अपारदर्शक रंग, आला आणि पार्श्वभूमी एकाच गडद रंगाने भरली जाऊ लागली. जमीन नाही, क्षितिज नाही. प्राण्याला उभं राहायला रंगाशिवाय जागाच नाही. भीती, राग, खोडकरपणा हे सगळं तिथून येतं असं माझं मत आहे. लहानपणी पोलिओ, १९३२-३३ चा दुष्काळ, युद्धात गेलेला जोडीदार, पदरात १९४१ साली जन्मलेला मुलगा, आणि म्हातारपणी जवळच चेर्नोबिलचा अणुअपघात. या बाईने प्राणी केवळ शोभेसाठी काढले असतील हे मला पटत नाही.

बोरू
असहमत. आधी चरित्र वाचायचं, मग ते चित्रात शोधायचं आणि सापडलं की हरखून जायचं, अशी ही पद्धत आहे. दुःख भोगलेल्या माणसाचं प्रत्येक काम दुःखाचंच असतं का?

तिच्या घरात काय होतं ते बघा. आई भरतकामात तरबेज, वडील सुतार, आजी ईस्टरची अंडी रंगवणारी. लहानपणी हंस चारायला नेताना नदीकाठच्या वाळूत काठीने फुलं काढायची आणि पुढे घराच्या भिंती रंगवल्या, असं तिनेच सांगितलंय. ठिपके, पट्टे, दोन्ही बाजू सारख्या ठेवणं हे त्या परंपरेतून आलेलं हातवळण आहे. उत्तम आहे, पण ते हातवळण आहे.

रंगातून भावना सांगायची असेल तर विषय बदलल्यावर रंग बदलायला हवा. हिच्याकडे आनंदाच्या चित्रात जो लाल, तोच अणुभट्टीच्या चित्रात. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कशी तुलना करा. त्यानेही घोडे, हरणं, गायी रंगवल्या, पण १९१० साली मित्राला, ऑगस्ट माकेला, लिहिलेल्या पत्रात त्याने निळा म्हणजे पुरुषतत्त्व, पिवळा म्हणजे स्त्रीतत्त्व, लाल म्हणजे जडद्रव्य असा हिशोबच मांडला होता. तिथे निळा घोडा निळा का, याला उत्तर आहे. इथे हिरवा हत्ती हिरवा का, याला काय उत्तर?

आडवाट
बोरू, मार्कने आधी सिद्धान्त मांडला म्हणून त्याचा रंग भावनेचा, आणि बाईने पत्र लिहिलं नाही म्हणून तिचा रंग नक्षीचा? हा न्याय मला समजला नाही. त्या हिशोबाने ज्याला लिहिता येतं त्यालाच भावना असायच्या.

आणि तिने लिहिलंच नाही असंही नाही. उत्तरकाळात ती चित्रांना लांबलचक ओळी द्यायची, कधी यमक जुळवून. १९७८ च्या एका प्राण्याच्या चित्राचं नाव सरळ शाप आहे: त्या अणुयुद्धाचं वाटोळं होवो! १९८३ चं एक चित्र म्हणतं, हा प्राणी चिमण्या पकडायला निघालाय. एवढं अवाढव्य जनावर आणि शिकार कशाची, तर चिमण्यांची. गावातल्या बाईने सत्तेबद्दल याहून स्पष्ट काय बोलायचं?

बोरू
म्हणजे माझाच मुद्दा आला. शाप त्या ओळीत आहे. ओळ झाका आणि चित्र अनोळखी माणसाला दाखवा, तो अणुयुद्ध म्हणणार नाही. चिमण्यांच्या चित्रातली सत्ताही तुम्ही घातलेली आहे, तिने नाही.

पानगळ
मला वेगळीच शंका आहे. प्रिमाचेन्कोला सोव्हिएत व्यवस्थेने हात दिला, हे आपण विसरतोय. तीसच्या दशकात कीव्हच्या प्रायोगिक कार्यशाळेत तिला बोलावलं, १९३७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिची चित्रं गेली, १९६६ साली युक्रेनचा सरकारी शेवचेन्को पुरस्कार मिळाला. १९७८ मध्ये तिने 'आमचं सैन्य, आमचे रक्षक' या विषयावरही चित्र काढलंय. ते सैन्य सोव्हिएत होतं. आणि शांतता मागणारं कबुतर १९८२ चं! तेव्हा शांतता आणि कबुतर हे सरकारी पोस्टरांवरचे नेहमीचे विषय होते. तेच कबुतर आज मॉस्कोच्या विरोधात उभं केलं जातं. मग ही भावना नक्की कुणाची? तिची, तेव्हाच्या सरकारची, की आपली?

जास्वंद
पानगळ, प्रश्न रास्त आहे. कबुतराच्या बाबतीत मी फार भांडणार नाही. पण शांतता हा शब्द सरकारने दिला म्हणून तो त्या बाईच्या तोंडी खोटा ठरत नाही. तिच्या घरातला माणूस युद्धावरून परत आला नव्हता. शिवाय सरकारला हवं होतं आनंदी, कष्टाळू खेडं. दोन डोक्यांची कोंबडी कुठल्या खात्याने मागितली होती?

बोरू, ओळ झाकून बघा म्हणता, तर बघू. चित्र अणुयुद्ध सांगणार नाही, मान्य. पण चित्राने बातमी द्यावी असं माझं म्हणणंच नाही. ओळ न वाचताही चिमण्यांवर निघालेला प्राणी आणि एखादा फुलांचा गुच्छ यांच्यापुढे आपण सारखे उभे राहत नाही. लाल तोच असेल, पण गडद निळ्याला खेटून आला की तो वेगळा लागतो. सूर सातच आहेत म्हणून सगळे राग एकाच भावाचे म्हणाल का?

आडवाट
सहमत. आणि परंपरा की स्वतःची भावना, हा सामना लावायचाच कशाला? आपल्याकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) घ्या. लग्नघरात भिंतीवर चौक (लग्नाचं चित्र) लिहिणं हे वारली बायकांचं काम, विधीचा भाग. मशे यांनी तेच त्रिकोण-वर्तुळ उचलले आणि विधी नसतानाही रोज काढत राहिले. मासेमारीचं जाळं त्यांनी असं पसरलंय की सगळा कागद त्यात अडकतो. रंग पांढरा, तेवढाच. मांडणी परंपरेची आणि नजर एका माणसाची, हे दोन्ही एकदम होऊ शकतं.

बोरू
मशे यांच्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्या उदाहरणाने रंगाचा दावा उलट कमजोर होतो. एका पांढऱ्यावर भागत असेल तर भावना रेषेत आणि मांडणीत आहे. प्रिमाचेन्कोचंही तेच असेल तर मी ऐकायला तयार आहे. तिची रेषा जबरदस्तच आहे.

पानगळ
मग पोलिना रायकोचं काय कराल? (१९२८–२००४, युक्रेनमधलं खेरसोनजवळचं ओलेश्की.) मुलगी १९९४ मध्ये गेली, नवरा पुढच्या वर्षी, मुलगा तुरुंगात. १९९८ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, बाईने कधी ब्रश हातात न धरता घर रंगवायला घेतलं. दारा-खिडक्यांना लावतात तो स्वस्तातला ऑइलपेंट. भिंती, छत, फाटक, सगळीकडे पक्षी, वाघ-बिबट्यांसारखी जनावरं, देवदूत. कुठली कार्यशाळा नाही, पुरस्कार नाही, चित्राखाली ओळ नाही. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि ते घर पाण्याखाली गेलं.

बोरू
रायकोबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे दुसरं कारणच दिसत नाही. पण म्हणून तिचं प्रमाण प्रिमाचेन्कोला लावता येत नाही. एकीने दुःख आवरेना म्हणून रंग घेतला, दुसरी आयुष्यभर रोजचं काम म्हणून चित्रं काढत होती, गावातल्या मुलांना शिकवत होती. मला दुसरीचा आदर जास्त वाटतो, आणि तिच्या कौशल्याला अश्रूंचं कारण चिकटवलेलं मला आवडत नाही.

जास्वंद
अश्रू मी म्हटलेच नाहीत. राग म्हटलं, खोडकरपणा म्हटलं. आणि माझी तक्रार मांडणीचीही आहे. तिची सुमारे साडेसहाशे चित्रं कीव्हच्या लोक-सजावटी कलेच्या संग्रहालयात आहेत. त्यांनी ती जपली, त्यांचे उपकारच आहेत. पण दारावरच 'सजावट' वाचून आत गेलेला माणूस सजावटच बघून बाहेर येतो. मला तिचं चिमण्यांवर निघालेलं जनावर मार्कच्या निळ्या घोड्याशेजारी, एकाच भिंतीवर बघायचंय.

बोरू
जरूर लावा. पण मार्कला तिच्या खोलीत आणा. तिथे भरतकामाचे रुमाल आणि रंगवलेली अंडी आधीपासून आहेत, आणि दरवेळी तिनेच घर सोडून त्याच्याकडे जावं हे मला मान्य नाही.