लोखंडी सळया नसताना युरोपातील चर्चचे घुमट कसे उभे राहिले?

बर्डीकर (प्रश्न)

दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या स्तूपाची आठवण करून देत असला, तरी तो सांचीसारखा भरीव नसून आतून पोकळ आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको. आजचे बांधकामशास्त्र हाताशी असताना एवढी पोकळी झाकणे शक्य झाले, हे समजण्यासारखे आहे. परंतु रोमचे पँथिऑन, इस्तंबूलचे हागिया सोफिया किंवा फ्लॉरेन्सचे कॅथेड्रल यांचे घुमट सळयांच्या काँक्रीटचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधी उभे राहिले, ते कशाच्या बळावर? शिवाय फ्रान्समधील मोठ्या गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतील) चर्चना घुमट का आढळत नाहीत? आपल्या सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलचे वळणही गॉथिकच आहे आणि तिथेही घुमट नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

धरमपेठ_स्थापत्य

घुमटाचे वजन खाली येते एवढेच आपल्या लक्षात येते. खरी अडचण अशी की तो पायथ्याशी बाहेरच्या बाजूला फाकू पाहतो. वरच्या भागातील दगड किंवा विटा एकमेकींवर दाबून बसतात. खालच्या भागात मात्र गोलाकार दिशेने ताण निर्माण होतो आणि दगड-विटांना ताण सोसत नाही, म्हणून उभ्या भेगा पडतात. सळया नव्हत्या तेव्हा हा रेटा कशाने अडवायचा, याची उत्तरे प्रत्येक काळाने आपापल्या परीने शोधली.

रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पँथिऑनमध्ये हे उत्तर वस्तुमानात आहे. सुमारे ४३ मीटर व्यासाचा तो घुमट जवळपास सहा मीटर जाडीच्या भिंतीवर टेकलेला असून, काँक्रीटमधील खडी खाली जड, तर वर जाताना हलकी होत माथ्यापाशी सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची होते. माथ्यावर तर झरोकाच ठेवला आहे, म्हणजे तिथे वजनच नाही. इ. स. ६०९ मध्ये या मंदिराचे चर्च झाले, आणि वास्तू टिकून राहण्यामागे स्थापत्याइतकेच हेही कारण आहे, असे माझे मत आहे. वापरात नसलेल्या रोमन इमारतींचे दगड लोकांनी बिनदिक्कत उचलून नेले.

हागिया सोफियाचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण तिथे गोल घुमट चौकोनी जागेवर बसवायचा होता. अँथेमियस आणि इसिडोर या वास्तुरचनाकारांनी चार प्रचंड कमानींच्या मधल्या कोपऱ्यांत वर पसरत जाणारे वक्र त्रिकोण रचून चौकोनाचे वर्तुळ केले आणि ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत काम उरकले. पूर्व-पश्चिमेचा रेटा अर्धघुमटांनी पेलला, पण उथळ ठेवलेला मूळ घुमट भूकंपांनंतर ५५८ मध्ये कोसळला. धाकट्या इसिडोरने तो अधिक उंच करून पुन्हा बांधला, कारण घुमट जितका उभट, तितका त्याचा बाहेरचा रेटा कमी.

महालचा_वाचक

वरील उत्तरात फ्लॉरेन्सची भर घालतो, कारण माझ्या दृष्टीने सर्वांत रंजक कथा तिथलीच आहे. कॅथेड्रलचे काम १२९६ मध्ये सुरू झाले आणि घुमटासाठी सुमारे ४५ मीटरचे अष्टकोनी भगदाड मोकळे ठेवून पुढच्या पिढ्यांवर सोपवण्यात आले. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीला पुरेल असे लाकडी सेंटरिंग (बांधकाम पक्के होईपर्यंत खालून आधार देणारा सांगाडा) उभारणे जवळजवळ अशक्य होते. वास्तुरचनाकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात ते सेंटरिंग टाळूनच घुमट चढवला: आत जाड व बाहेर पातळ असे दोन थर, ओल्या चुन्यावरून विटा घसरू नयेत म्हणून मधूनमधून उभ्या विटा घालून केलेली तिरकी गुंफण, आणि रेटा आवळून धरण्यासाठी भिंतीच्या पोटात लोखंडी पकडींनी जोडलेल्या दगडी साखळ्या. तेव्हा लोखंड अगदीच नव्हते, असे म्हणता येणार नाही.

रोमच्या सेंट पीटर्समध्येही साखळ्या होत्या, तरी भेगा पडल्याच आणि अठराव्या शतकात आणखी लोखंडी कडी बसवावी लागली. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये वास्तुरचनाकार रेनने वेगळीच युक्ती केली: बाहेरून दिसणारा घुमट लाकडावर शिसे मढवलेला, आतून दिसणारा निराळा, आणि वरच्या दगडी मनोऱ्याचे ओझे पेलणारा विटांचा शंकू या दोहोंच्या मध्ये, कोणालाही न दिसणारा.

बर्डीकर

दोघांचेही आभार. गॉथिकचा मुद्दा मात्र राहिला. फ्रेंच गवंड्यांना घुमट जमत नव्हता काय?

धरमपेठ_स्थापत्य

जमत नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रान्समधीलच पेरिग्यू येथील सेंट फ्राँ चर्चवर बाराव्या शतकातच पाच घुमट होते. गॉथिकची गरजच वेगळी होती. लांबलचक सभागृह, मिरवणुकीची वाट आणि रंगीत काचांसाठी भिंतीत जास्तीत जास्त मोकळी जागा हवी असल्याने, ११४० च्या दशकात पॅरिसजवळच्या सेंट डेनिस चर्चपासून पुढे छताचे वजन कमानीसारख्या दगडी फासळ्यांवरून ठराविक खांबांवर आणले गेले, आणि नंतरच्या कॅथेड्रलांमध्ये बाहेरचा रेटा इमारतीबाहेरच्या उडत्या कमानींनी झेलला. त्यामुळे भिंत जवळजवळ मोकळी झाली, जे घुमटाखाली साधणे कठीण असते.

या पद्धतीची हाव कुठवर गेली, हे फ्रान्समधील बोव्हे येथील कॅथेड्रलमध्ये दिसते. सुमारे ४८ मीटर उंचीवरचे तिथले छत १२८४ मध्ये अंशतः कोसळले, पुढे उभारलेला अतिउंच मनोरा १५७३ मध्ये पडला, आणि त्या कॅथेड्रलचे मुख्य सभागृह आजतागायत बांधले गेलेले नाही.