व्यासंग : व्यासांचा संग की मनाचं चिकटणं?

सीताबर्डीकर : काल आपल्या नागपुरात धरमपेठेत एका सरांचा निवृत्तीचा सत्कार होता. सूत्रसंचालक म्हणाले, "व्यासांचा संग, तोच व्यासंग." टाळ्या! अहो, व्यास आणि संग जोडले तर 'व्याससंग' होईल. मधला स कुठे गेला? खरी फोड वि + आ + संग. धातू सञ्ज्, म्हणजे चिकटणे. आसक्ती, प्रसंग ही त्याचीच भावंडं. संस्कृतात व्यासंग कशाचाही असतो, विद्येचाच असं नाही. न्यायशास्त्रात तर 'विषयान्तरव्यासंग' म्हणजे मन भलतीकडे गुंतल्यामुळे समोरचं ध्यानात न येणं. तेव्हा जेवायची हाक ऐकू येत नाही तो व्यासंगी. पीएचडीचा संबंध नाही.

महालवाला : काऊन तापता भाऊ? मराठीत व्यासंग म्हणजे दांडगा अभ्यास, पोराटोरांना माहीत आहे. मूळच धरून बसायचं तर व्यसन हा शब्द वि + अस्, म्हणजे फेकणे, यातून आला. मग तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याला काय फेकणारा म्हणता?

सीताबर्डीकर : खर्र्याची पन्नी तर फेकतोच तो! पण बरी आठवण दिली. अभ्यास हाही अस् धातूचाच, अभि + अस्. म्हणजे व्यसनाचा सख्खा भाऊ अभ्यास निघाला, व्यासंग नव्हे. तुम्ही दोघांना एकच म्हणता तिथंच माझं भांडण आहे. अभ्यास परीक्षेपुरता करता येतो.

जुना मॉरिसवाला : दोघांचंही पटलं नाही. हाक ऐकू न येणं ही तंद्री झाली, ती मोबाइल पाहतानाही लागते. आपल्या मॉरिस कॉलेजात शिकवलेल्या, जुन्या कोरीव लेखांचे संशोधक वा. वि. मिराशींचं बघा. कलचुरी राजघराण्याचे कोरीव लेख १९५५ मध्ये, वाकाटकांचे १९६३ मध्ये, शिलाहारांचे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आले. जन्म १८९३ चा, करा हिशेब. झिजलेलं एकेक अक्षर लावत बसायचं, तेही एवढी वर्षं. चिकटणं मान्य, पण वर्षं मोजा. एका संध्याकाळच्या तंद्रीला हा शब्द देऊ नका.

महालवाला : बरं बाप्पा. पण ते कालचे सर? ते व्यासंगी की नाही?

सीताबर्डीकर : भाषण चालू होतं तेव्हा गुच्छ मांडीवर ठेवून ते पत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पेनने दुरुस्त करत होते. व्यासांचा संग त्यांनी ऐकलाच नाही.