कातळावरच्या रेघा: कोकण आणि गोवा

सड्यावरची: माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेल्या चित्रांच्या रेघांत पावसाचं पाणी साठायचं, आम्ही त्यात पाय बुडवून बसायचो. आजी म्हणायची, पांडवांनी कोरलंय. परवा गोव्यात कुशावतीकाठी पणसाईमळला तसंच पाहिलं, बैल, हरणं, गोल चक्रव्यूह. अंगावर काटाच आला. एकाच लोकांचं काम असेल का हो?

जांभा: ताई, एकाच लोकांचं म्हणायला पुरावा नाही. पण दगड दोन्हीकडे जांभाच, लालसर चिऱ्याचा. २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या बारसू, उक्षी, कुडोपीच्या कातळचित्रांसोबत पणसाईमळही आहे. महाराष्ट्र-गोवा ही हद्द आपली आजची, त्या कोरणाऱ्यांची नव्हे.

दर्यावाला: कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती बघून या. सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात पाकट, मुशी (शार्क) असे मासे! हे कोरणाऱ्यांना समुद्र नक्की ठाऊक होता. बाकी ठिकाणी गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठेच नाही.

सड्यावरची: मुशी? मग मे महिन्यात आईला घेऊन कशेळीला जातेच. आमच्या सड्यावर आता चिरेखाण आलीय, त्या रेघा राहिल्यात का तेही बघते.

जांभा: जाल तेव्हा मोजपट्टी न्या, फोटो काढा. आणि रेघांवरून खडू फिरवू नका कृपा करून.