भैरवच्या सुरांतून गिटारचे कॉर्ड: पंचमावरचा कॉर्ड बसत नाही

तार_सहावी
भैरवमधल्या भजनाला गिटारची साथ करायची आहे. सा = पांढरी तीन, म्हणजे ई. सूर निघाले ते असे: ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी शार्प. एक सोडून एक सूर घेत कॉर्ड बांधले. ई मेजर, एफ मेजर, ए मायनर छान लागतात. पण ध्रुवपदावर परत येताना बी सेव्हन वाजवला की राग मोडतो. डी शार्प-एफ-ए या कॉर्डला नावच सापडत नाही. आणि मधल्या मोकळ्या तारा चुकून वाजल्या तरी बेसूर. नेमकं चुकतंय कुठे?

मंद्रसप्तक
बी सेव्हनमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध रे. भैरवात रे कोमल, त्यामुळे पंचमाला त्याचा पंचमच मिळत नाही. रागातलेच सूर घेतले तर तिथे बी-डी शार्प-एफ-ए येतं, म्हणजे बी सेव्हन फ्लॅट फाइव्ह. जाड तारेपासून × २ ३ २ ४ × (आकडा म्हणजे फ्रेटचं घर, ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे ती तार वाजवायची नाही). चालतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. भैरवात षड्जाकडे ओढ लावतात ते कोमल रे आणि शुद्ध नी. दोघेही षड्जापासून अर्ध्या स्वरावर, एक वरून, एक खालून. म्हणून परतीची वाट पंचमावरून नाही, रेवरून: एफ, मग ई.

तुमचा बिननावाचा कॉर्ड इथेच कामाला येतो. त्यात सी मिळवा: डी शार्प, एफ, ए, सी. हा एफ सेव्हनच आहे, फक्त खालचा सूर डी शार्प. × × १ २ १ १ धरा आणि तिथून × × २ १ ० ० वर या. डी शार्प चढून ई, ए उतरून जी शार्प, सी उतरून बी, एफ उतरून ई. चारही सूर अर्धा-अर्धा स्वर सरकतात, एकही उडी नाही. पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर चार तारांवर आडवं, मधलं तिसऱ्या तारेवर. सोडताना मधलं बोट त्याच फ्रेटमध्ये चौथ्या तारेवर सरकवायचं आणि आडवं बोट उभं करून तिसऱ्या तारेवर टेकवायचं. हात बसेपर्यंत एवढंच पन्नास वेळा करा.

धैवतावर ठहराव असेल तर ए मायनर, × ० २ २ १ ०, आणि तिथून पंचमाकडे उतरताना ई. सी ऑगमेंटेड (× ३ २ १ १ ०) रागातला असला तरी जपून वापरा. त्याचे तिन्ही सूर एकमेकांपासून सारख्या अंतरावर, त्यामुळे सा कुठे आहे हेच ऐकणाऱ्याला कळेनासं होतं.

मोकळ्या तारांचं कारण सरळ आहे: डी आणि जी या रागात नाहीतच. दोन्ही तारा अर्धा स्वर चढवा, डी शार्प आणि जी शार्प. मग सहाही तारा भैरवातल्या. त्या दोन तारांवरची बोटं तेवढी एक घर मागे घ्यायची: ई होतो ० २ १ ० ० ०, एफ होतो ० ३ २ १ ० ०, ए मायनर × ० १ १ १ ०. एफमध्ये खाली ई आणि वर बी मोकळे राहतात ते राहू द्या, षड्ज-पंचम टिकून राहतो. वरचे चार तारांचे आकारही याच हिशोबाने बदलतील.

कोमल_रे
एक भर. भैरवचे रे आणि ध आंदोलित आहेत. गायक रे डोलवत असताना गिटारवर एफ ठाम धरून ठेवला तर दोन रे एकमेकांना घासतात, आणि दोष गायकाचा वाटतो. तेव्हा नुसते सा-प वाजवा, ० २ २ × × × (चौथी तार चढवली असेल तर ० २ १ × × ×). एफ येऊ द्या तो गायकाने रे सोडून षड्जाकडे वळताना, एकाच ठोक्यापुरता.

तानपुरा सुरू असेल तर गंधारही सांभाळा. फ्रेटवरचा ग तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. ई मेजर लांबवला की तो खुपतो.

तार_सहावी
एफ सेव्हनवरून ईवर येणं लगेच पटलं. गायिकेचा सा काळी चार आणि दुसऱ्या गायकाचा काळी एक असेल तर?

मंद्रसप्तक
काळी चारला चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), आकार हेच. काळी एकसाठी ईचे आकार नवव्या फ्रेटवर जातात, तिथे आवाज पातळ होतो. त्यापेक्षा ए हा सा धरून बांधा, कॅपो चौथ्यावरच: सा × ० २ २ २ ०, रे × ० ३ ३ ३ ×, म × × ० २ ३ १. यात चौथी तार साध्या डीवरच ठेवा, इथे डी मध्यम आहे. रागाबाहेरच्या मोकळ्या तारा जी आणि बी. त्यातली जी अर्धा स्वर चढवली तर नी मिळतो, मात्र तिसऱ्या तारेवरचं बोट एक घर मागे. दुसरी तार मोकळी सोडायची नाही.