मदत हवी आहे: ओपिऑइड सोडताना स्त्रियांच्या मेंदूत होणारे बदल

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. ट्रामाडॉल हे ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणारे) वेदनाशामक सोडणाऱ्या एक ताई भर उन्हाळ्यात शाल लपेटून, अंगावर काटा आणि सतत जांभया अशा अवस्थेत रात्रभर बसून होत्या. डॉक्टरांनी दिलेल्या क्लोनिडिनने घाम ओसरला, धास्ती मात्र गेली नाही. हे औषध मेंदूतील लोकस सेरुलियस या केंद्रातून होणारा नॉरॲड्रेनलिन या शरीराला सावध करणाऱ्या रसायनाचा भडिमार कमी करते. उंदरांवरील प्रयोगांत, त्याच केंद्रातील पेशी सीआरएफ या तणाव-रसायनाला नरापेक्षा मादीत अधिक तीव्र प्रतिसाद देतात, असे आढळले आहे. ताईंची न गेलेली धास्ती समजून घेण्यासाठी मला हा दुवा फार महत्त्वाचा वाटतो. माणसांमध्ये, विशेषतः ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइडच्या व्यसनावर दिले जाणारे औषध) घेणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या मेंदूची तुलना करणारे एखादे संशोधन कोणाच्या वाचनात असल्यास कृपया कळवावे. औषधाच्या मात्रेविषयी सल्ला नको आहे. तो डॉक्टरच देतील.