स्क्रूशिवायच्या ट्रेमध्ये नवी मोठी हार्डडिस्क बसत नाही: दोन पिनांसमोर भोकंच नाहीत

साखळी_डेस्कटॉप (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गावच्या उत्सवातल्या नाटकांची चित्रणं एका डेस्कटॉपवर साठवलेली आहेत. त्यात दुसरी हार्डडिस्क घालायची आहे. कॅबिनेट जुनं मिड-टॉवर आहे. आत लोखंडी पिंजरा आणि त्यात सरकणारे प्लॅस्टिकचे ट्रे. ट्रेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पिना, पिनांच्या मुळाशी रबर. ट्रे थोडा फाकवायचा, डिस्क ठेवायची, सोडायचा, झालं. स्क्रू एकही नाही. जुनी ४ टीबीची डिस्क यात घट्ट बसलेली आहे.

नवी डिस्क १२ टीबी, ७२०० आरपीएम (मिनिटाला फेरे). कनेक्टरकडच्या दोन भोकांत पिना बरोबर जातात, पण पुढच्या दोन पिनांसमोर डिस्कला भोकच नाही, सपाट धातू आहे. त्यामुळे ट्रे फाकलेलाच राहतो आणि पिंजऱ्यात अर्ध्यावर अडकतो. त्या दोन पिना काढून टाकल्या तर ट्रे आत जातो, पण डिस्क पुढच्या बाजूने हलते.

असंच चालवावं का? की दुहेरी टेप, झिप टाय असं काही लावावं? कॅबिनेटचं उजवं पॅनल रिव्हेट मारून बंद आहे, त्यामुळे पिंजऱ्यात थेट स्क्रू लावायचे तर एकाच बाजूने लागतील. शिवाय दोन डिस्का एका पिंजऱ्यात शेजारी आल्या तर आवाज किती वाढतो तेही कळलं तर बरं.

---

फोंडा_हार्डवेअर

डिस्क बरोबर आहे, ट्रे जुन्या मापाचा आहे. साडेतीन इंची डिस्कच्या प्रत्येक बाजूला पूर्वी तीन भोकं असायची. कनेक्टरकडच्या कडेपासून पहिलं भोक २८.५ मिमीवर, तिथून मधलं ४१.६ मिमीवर आणि शेवटचं पहिल्यापासून १०१.६ मिमीवर. जास्त क्षमतेच्या बऱ्याच डिस्कांत मधलं भोक गेलं आहे. आत तबकड्यांची संख्या वाढली, त्यांची चवड तळापर्यंत आली, आणि मधलं भोक नेमकं त्या चवडीच्या बाजूला येतं. तुमच्या ट्रेच्या पिना पहिल्या आणि मधल्या भोकासाठी आहेत. पिनांमधलं अंतर मोजा, ४१-४२ मिमी भरेल.

फक्त दोन पिनांवर चालवू नका. दोन पिना म्हणजे बिजागरी होते, डिस्क त्यांच्याभोवती वरखाली झुलायला मोकळी. अशी डिस्क साडेसहाशे-सातशे ग्रॅमची असते आणि ७२०० आरपीएमला सेकंदाला १२० फेरे घेते. सैल टोक सतत थरथरतं, हेडला (लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाला) ट्रॅकवर पुन्हापुन्हा सावरावं लागतं, लिहिण्याचा वेग पडतो. आणि तो सगळा हेलकावा कनेक्टर झेलतो, हे त्याहून वाईट.

आता उपाय. आधी ट्रे उलटसुलट करून पाहा. पुष्कळ ट्रेच्या बाजूला एक रिकामं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. असेल तर पिन आतल्या बाजूने बोथट सळीने ढकलून रबरासकट बाहेर काढा आणि त्या भोकात बसवा. नसेल तर ट्रेचा तळ पाहा. २.५ इंची एसएसडीसाठी चार बारीक भोकं बऱ्याचदा असतात, त्यांच्याखेरीज मोठ्या डिस्कसाठीही काही ट्रेंना असतात. डिस्कच्या तळाला भोकांच्या दोन ओळी असतात, ओळींतलं अंतर ९५.२५ मिमी. कनेक्टरच्या कडेपासून पहिलं ४१.२८ मिमीवर आणि नव्या मोठ्या डिस्कांत पुढचं तिथून ७६.२ मिमीवर. जुन्या डिस्कांत हेच पुढचं भोक ४४.४५ मिमीवर असायचं, म्हणून इथेही मोजल्याशिवाय छिद्र पाडू नका.

तळातून स्क्रू लावला तर रिव्हेट केलेल्या पॅनलचा प्रश्नच उरत नाही, कारण ट्रे बाहेर टेबलावर ठेवून स्क्रू आवळायचे आणि मग ट्रे आत सरकवायचा. स्क्रू ६-३२ मापाच्या चुडीचा (आट्यांचा) हवा, कॅबिनेटच्या पुडीत जाड चुडीचे असतात ते. एम३ चा बारीक स्क्रू या भोकात जातो पण धरत नाही, फिरत राहतो. उलट ६-३२ चा स्क्रू जबरदस्तीने एसएसडीत घातला तर तिच्या चुड्या जातात. ट्रेची जाडी सोडून डिस्कमध्ये ३ मिमी जाईल एवढाच लांब घ्या.

---

मडगाव_एनएएस

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त टेपबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ५० ग्रॅमची एसएसडी दुहेरी टेपवर वर्षानुवर्षं राहते, तिच्यात फिरणारं काही नाही. हार्डडिस्कला टेप नकोच. तिचं अंग चालू असताना ४० अंशांच्या आसपास असतं, त्यात आपली पावसाळ्याची दमट हवा. गोंद हळूहळू सरकतो आणि डिस्क मिलिमीटर-मिलिमीटरने खाली उतरते. उतरताना कळतही नाही.

झिप टाय तात्पुरता चालेल, पण आवळायचा कुठे ते महत्त्वाचं. डिस्कच्या तळाला सर्किट बोर्ड असतो, त्यावर पट्टा आला की भाग दाबले जातात. वरच्या झाकणावर हवेचं बारीक भोक असतं आणि 'हे झाकू नका' असं शेजारी छापलेलं असतं. हेलियमच्या डिस्का पूर्ण सीलबंद असतात, त्यांना ते भोक नसतं, तरी झाकणावर दाब नकोच. पट्टा ट्रेच्या बाजूच्या भिंतींना बाहेरून वेढा घालून आवळा, म्हणजे पिना भोकांत दाबून राहतील. पण भोक नसलेल्या दोन पिना आधी काढलेल्या असल्या पाहिजेत.

आता आवाजाचं. एक डिस्क एका सुरात घुमते. शेजारी दुसरी त्याच वेगाची आली की दोघींच्या फेऱ्यांत किंचित फरक असतो, आणि तो सूर चढतो-उतरतो: घूंऽऽ, मग शांत, पुन्हा घूंऽऽ, काही सेकंदांच्या अंतराने. डिस्क बिघडली असं समजून लोक दुकानात धावतात. बिघाड नसतो. पिंजऱ्याचा पातळ पत्रा तो सूर मोठा करतो. दोन डिस्कांच्या मध्ये एक खण रिकामा सोडा, हवाही खेळते आणि आवाजही मोडतो. मग पिंजऱ्यावर तळवा दाबून बघा. आवाज बंद झाला तर पत्रा वाजतोय. तिथे डिस्क आणि पिंजरा यांच्यात नाही, पिंजरा आणि कॅबिनेटच्या तळात रबराचा तुकडा द्या.

रबर जितकं मऊ तितकं चांगलं, हे माझं मत. इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर डिस्क टांगली तर ती जवळपास ऐकूच येत नाही.

---

फोंडा_हार्डवेअर

मऊ रबराबाबत मी असहमत. हेड एका टोकाहून दुसऱ्या टोकाला झेप घेतं तेव्हा त्याची प्रतिक्रिया डिस्कच्या अंगावर येते. अंग घट्ट धरलेलं असेल तर ती पिंजऱ्यात जिरते, मऊ धरलेलं असेल तर अख्खी डिस्क त्या दिशेला वळते आणि हेडला ठिकाण गाठायला वेळ लागतो. इलॅस्टिकवर आवाज जातो हे खरं, पण डिस्क बनवणाऱ्यांना घट्ट बसवणंच अपेक्षित असतं. त्यात हा संगणक उत्सवाला टेंपोतून हलणार असेल तर टांगलेली डिस्क हा विचारच सोडा. पिनांचं रबर बोटाच्या नखाने दाबलं तर जेमतेम खड्डा पडावा, एवढं कडक असावं. चिकट झालेलं किंवा चिरलेलं असेल तर बदला.

आणि पिनांवर गंज दिसला म्हणून तेल लावू नका. खनिज तेलाने साधं रबर फुगतं आणि सैल पडतं. कोरड्या कापडाने घासा, फारच खाल्लेली असेल तर पिनच बदला.

---

साखळी_डेस्कटॉप

दोघांचेही आभार. मोजलं: पिनांमधलं अंतर ४१.५ मिमी. बाजूला रिकामं भोक नाही. ट्रेच्या तळाला फक्त एसएसडीची भोकं आहेत. एका ट्रेच्या उजव्या पायाला (बाजूच्या भिंतीला) वाकतो तिथे पांढरी रेघही दिसतेय. नवीन भोक पाडावं का? की थ्रीडी प्रिंट करून घ्यावा?

---

पेडणे_थ्रीडी

पांढरी रेघ म्हणजे प्लॅस्टिक तिथे थकलं आहे. तो ट्रे जड डिस्कला वापरू नका, एसएसडीसाठी ठेवा.

दुसऱ्या, धड ट्रेला भोक पाडता येईल, पण आधी एक गोष्ट तपासा. ट्रेची बाजूची भिंत पहिल्या पिनेपासून १०१.६ मिमीपर्यंत पोचते का? काही ट्रेंची भिंत मधल्या पिनेनंतर उतरती होते, तिथे मग भोकाला जागाच नसते. पोचत असेल तर डिस्क बाहेर काढून ठेवा. प्लॅस्टिकचा कीस कनेक्टरमध्ये गेला तर दुसरंच दुखणं. पहिल्या पिनेच्या केंद्रापासून हँडलच्या दिशेने १०१.६ मिमीची खूण करा, उंची पहिल्या पिनेएवढीच ठेवा. आधी २ मिमीचा ड्रिल, मग रबराच्या खाचेचा व्यास येईपर्यंत पायरीपायरीने मोठं करा. ड्रिल हळू फिरवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून भोक अंडाकृती होतं आणि रबर फिरत राहतं. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर आली नाहीत तर डिस्क तिरकी बसते, म्हणून दुसऱ्या भिंतीवर वेगळं न मोजता पुठ्ठ्याचा साचा कापून तोच उलटून लावा.

प्रिंट करायचा तर पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक) नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि त्याआधीही सततच्या ताणाखाली हळूहळू वाकत जातं. फाकवून सोडायच्या ट्रेचा सगळा भरवसा त्या ताणावरच असतो. पीईटीजी प्लॅस्टिक घ्या, ते ८० अंशांजवळ जातं आणि तुटण्याआधी लवतं. भिंत ३ मिमी, बाहेरचे थर किमान चार. ट्रे पाठीवर, म्हणजे तळ खाली ठेवून छापला तर भिंत आणि तळ यांच्या जोडावर थर एकमेकांपासून सुटतात आणि पाय नेमका तिथेच मोडतो. उभा, म्हणजे हँडलचं टोक खाली ठेवून छापा. आतली रुंदी डिस्कएवढी १०१.६ मिमी न ठेवता १०२.२ ठेवा. पिना प्लॅस्टिकच्या छापू नका, जुन्या ट्रेमधल्या लोखंडीच वापरा. भोक आतून तीन मिमीपेक्षा कमी व्यासाचं असतं, तेवढ्या जाडीची छापलेली पिन एका धक्क्यात तुटते.

हे सगळं नको असेल तर जुन्या मिड-टॉवरला वर डीव्हीडी ड्राइव्हचा ५.२५ इंची खण असतो. त्यासाठी लोखंडी अडॅप्टर पट्ट्या मिळतात. डिस्क पट्ट्यांना बाहेर टेबलावर स्क्रूने जोडायची आणि खणात सरकवून खणाच्या स्वतःच्या खटक्याने लॉक करायची. घट्टपणात याला तोड नाही. फक्त त्या खणासमोर पंखा नसतो, तापमान पाहत राहावं लागेल.

---

डिचोली_केबल

ट्रे बसला की काम संपलं असं नाही. जुन्या ट्रेत डिस्कचं तोंड मदरबोर्डकडे असतं की उजव्या पॅनलकडे, ते बघा. पॅनलकडे असेल तर सरळ साटा केबलचं (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचं) डोकं बंद पॅनलला टेकतं आणि ट्रे आत दाबला की कनेक्टरवर तिरका जोर येतो. तिथे काटकोनी डोक्याची केबल घ्या. पण घेताना वाक खाली हवा की वर ते पाहून घ्या, उलटा आला तर शेजारच्या पॉवर कनेक्टरला आडवा येतो. केबलला एक सैल वळसा ठेवा, ताणलेली नको.

मग पॉवर चालू न करता ट्रे धरून हलवा. डिस्क ट्रेमध्ये हलता कामा नये, ट्रे पिंजऱ्यात हलला तर खटका पूर्ण बसलेला नाही. नवी डिस्क कुरियरने भर पावसात आली असेल किंवा एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणली असेल, तर पिशवी न फोडता काही तास तशीच ठेवा. थंड धातूवर लगेच दव धरतं आणि ते बोर्डावरही धरतं.

पहिल्या दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडून सी७ चा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा लिहून ठेवा. लिनक्सवर त्याच कामाचं स्मार्टसीटीएल असेल तर तो १९९ क्रमांकाला दिसतो. आठवड्याने पुन्हा पाहा. हा वाढत असेल तर डिस्क नाही, केबल किंवा कनेक्टर सैल आहे. ०५ आणि सी५ (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) शून्यावरून हलले तर मात्र डिस्क परत करायला घ्या, वॉरंटीत आहे तोवरच. तापमान भर मे महिन्यात मोठी फाइल कॉपी करताना ४५ च्या वर जात असेल, तर पिंजऱ्यासमोर १२० मिमीचा पंखा हवा. प्लॅस्टिकच्या ट्रेतून उष्णता पत्र्याकडे जवळजवळ जातच नाही, स्क्रूने बसवलेल्या डिस्कला तेवढा तरी आधार असतो.

आणि चवथीला घर बंद करून मूळ गावी जाणार असाल तर चित्रणांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, ती वेगळ्या घरी ठेवून मगच निघा. ४ टीबीच्या जुन्या डिस्कवर १२ टीबीची प्रत मावणार नाही, त्यासाठी आताच वेगळी डिस्क धरून चला.