मदत हवी आहे: बर्फ की पाऊस, आदल्या रात्री कसं ठरवायचं?

जागा डोंगरात, १,८०० मीटरवर. गेल्या महिन्यात अंदाजात पाऊस होता आणि सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी वीतभर बर्फ. शोधल्यावर कळलं, जागतिक हवामान मॉडेल जमीन ज्या चौकटींत विभागतं त्या बऱ्याच मोठ्या असतात, त्यात आमचा डोंगर १,३५० मीटरचा होऊन बसलाय. मग उंचीच्या दर किलोमीटरला ६.५ अंश घट धरून तापमान हाताने दुरुस्त करायला लागलो. बर्फ शून्य अंशाच्या पातळीखालीही दोन-तीनशे मीटर उतरतो, तेही धरलं.

परवा नेमकं उलटं झालं! हिशेबाने बर्फ, प्रत्यक्षात पाऊस. तापमापी १.५ अंश, आर्द्रता ९७ टक्के. हवा कोरडी असती तर बाष्पीभवनाने गार झाली असती, म्हणजे नुसतं तापमान बघणं हीच माझी चूक असावी.

रडार नाही. तापमापी, आर्द्रतामापी आणि फुकटचे अंदाज एवढंच हाताशी आहे. 'आणखी एक ॲप बघ' हे कृपया नको, चार बघून झालीत. मोसमी अंदाजही नको, प्रश्न फक्त उद्याचा आहे.

वेट-बल्ब तापमानाची (बाष्पीभवनाने हवा जितकी गार होऊ शकते ते तापमान) बर्फासाठीची मर्यादा तुम्ही किती धरता, शून्य, अर्धा की एक अंश? आणि सरी जोरदार असतील तर ती बदलता का?